सनईवादक आणि बर्फाची वाटी

एकदा एका सनईवादकाने आपली सनई मऊ कापडात गुंडाळून एका वृद्ध डॉक्टरांच्या मेजावर ठेवली आणि सांगितले, "ही राहू द्या तुमच्याकडे. मला आता ओठ लावता येत नाहीत. आणि तुमचं औषधही यापुढे मी घेणार नाही."

गृहस्थ साठीचे. सकाळच्या पूजेला देवळाच्या नगारखान्यात सनई वाजवण्याचा मान त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढून झाली होती. मागे काही कण उरले असतील तर ते मारण्यासाठी केमोचे सहा फेरे ठरले होते, दर महिन्याला पाच दिवस इंजेक्शन. पहिला फेरा झाला आणि आठवडाभरातच त्यांचे तोंड आतून सोलून निघाले. पेजेचा घोटसुद्धा गिळवेना.

डॉक्टरांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर शिकत होती. हुशार, कामाला वाघ, पण मनाने फार मऊ. तिने लगेच उपाय सुचवला. "सर, डोस निम्मा करू या. निदान उपचार चालू तरी राहतील."

"निम्म्या डोसाने यांचं तोंड वाचेल," डॉक्टर म्हणाले, "आणि रोगही वाचेल. मला आधी हे सांग, इंजेक्शनच्या वेळी तोंडात बर्फ धरायला मी लिहिलं होतं. धरला होता का?"

उत्तर सनईवादकांनीच दिले. "ताईंना बोलू नका. मीच नाही म्हटलं. आमच्यात सनई हातात आली की बर्फ सुटला. वडिलांनी मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा थंड सरबत पिऊ दिलं नाही."

"मला वाटलं, एवढ्याशा बर्फासाठी त्यांचा नेम कशाला मोडायचा," शिष्या हळूच म्हणाली. "खरं औषध तर शिरेतून जातच होतं."

आपण तिच्या जागी असतो तर आपणही हेच केले असते, हे कबूल करायला हरकत नाही. जालीम औषधांच्या यादीखाली बर्फाची एक ओळ कोणाच्या नजरेत भरते?

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सनई उचलून परत तिच्या मालकाच्या हातात दिली. "तोंड बरं होऊ द्या. मग एक फेरा माझ्या पद्धतीने घ्या. त्यानंतरही नको म्हणालात, तर मी अडवणार नाही."

तोंड बरे झाल्यावर ते आले, पण केवळ डॉक्टरांच्या वयाचा मान राखायला. शिष्या इंजेक्शन तयार करू लागली. तेवढ्यात डॉक्टर बर्फाच्या दोन वाट्या घेऊन आले आणि स्टूल ओढून खाटेशेजारी बसले. बाहेर चाळीस रोगी खोळंबले होते.

"सनईला शेजारी बसून सूर धरणारा साथीदार लागतो ना?" त्यांनी विचारले.

"लागतो. तो मध्येच उठला तर आमचं वाजवणं संपलं."

"मग आज सूर मी धरतो," असे म्हणून डॉक्टरांनी बर्फाचा एक खडा स्वतःच्याच तोंडात टाकला.

शिष्या पाहतच राहिली. सरांच्या दातांना माठातले पाणीही सोसत नसे, हे सगळ्या रुग्णालयाला ठाऊक होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, एक हात गालाकडे गेला, पण स्टूल काही त्यांनी सोडले नाही. सनईवादक थोडा वेळ चुळबुळले. साथीदार सूर धरून बसलेला आणि आपण नुसते बसून राहायचे, हे त्यांना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि बर्फ तोंडात घेतला. पाच मिनिटांनी शिष्येने इंजेक्शन दिले. पहिला खडा विरघळला की दुसरा, मग तिसरा. तोंड भरलेले ठेवून नाकाने श्वास घेणे हा तर त्यांचा जन्माचा रियाज. अर्धा तास दोघे म्हातारे एक शब्द न बोलता बसले होते.

उठल्यावर डॉक्टर शिष्येला बाजूला घेऊन गेले. जबडा चोळत ते म्हणाले, "हे औषध आंधळं आहे. भराभर वाढणारं जे भेटेल ते मारतं. गाठ भराभर वाढते आणि तोंडातलं अस्तरही. बर्फाने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात. तेवढ्या वेळात रक्तातल्या औषधाचा जोर ओसरतो आणि तोंडापर्यंत ते कमीच पोहोचतं. बाकी शरीरात मात्र पुरतं जातं. बर्फ प्रत्येक औषधाला चालत नाही, काहींच्या बाबतीत तो बाधतोही, म्हणून आधी औषध ओळखावं लागतं. पण एक ध्यानात ठेव. तू डोस कमी करायला निघालीस ती दयेपोटी, आणि बर्फ सोडून दिलास तोही दयेपोटी. रोग्याचं जे धड आहे ते जपणं हा उपचाराचाच भाग आहे. ते जपलं, तर रोगावर पूर्ण ताकदीने घाव घालता येतो."

"पण सर, बर्फ तुम्ही का खाल्लात?"

"मी सांगून त्यांनी वडिलांचा शब्द मोडला नसता. शेजारी कोणी बसलं तर मोडतील, असं वाटलं."

त्या फेऱ्यानंतर तोंडात दोनच फोड आले आणि ते चार दिवसांत बसले. सनईवादकांनी पुढचे फेरे पुऱ्या डोसाने घेतले, एकही दिवस न चुकवता. मधल्या आठवड्यांत देवळात सनईही वाजू लागली.

सहाव्या फेऱ्याच्या शेवटच्या दिवशी डॉक्टर नेहमीप्रमाणे आपली वाटी घेऊन आले. सनईवादकांनी त्यांना दारातच थांबवले. "डॉक्टर, आज तुम्ही नका बसू. तुमचे उरलेले दात राहू द्या जागेवर. आज सूर धरायला ताई आहेत."

शिष्या आधीच स्टुलावर बसली होती. तोंडात बर्फ असल्यामुळे तिला काही बोलता आले नाही. डॉक्टरांनी आपली वाटी तिच्या वाटीशेजारी ठेवली आणि ते बाहेर खोळंबलेल्या रोग्यांकडे गेले.