राणी केतकीची पेज

एका राज्यात, जिथे समुद्र कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता, केतकी नावाची राणी होती. समुद्राकाठच्या मुलखातून ती लग्न होऊन आली, तेव्हा घाटाच्या तोंडाशी भुरंड मांत्रिक बसला होता.

"वाकून पुढे जा," तो म्हणाला.

"देव आणि आईवडील सोडून मी कुणापुढे वाकत नाही."

मांत्रिकाने मूठभर राख फुंकली. राणीच्या पाठीमागे घाट कवाडासारखा मिटला. "माहेरची पेज पोटात पडेपर्यंत तुझे पाय थांबायचे नाहीत!"

ते थांबले नाहीत. राणी दरबारात चाले, जेवताना चाले, झोपेतही चाले. दासी दोन्ही बाजूंनी तिला धरून असत. राजा अरिंजयाने देशोदेशीचे आचारी बोलावले. कुणी पेजेत केशर घातले, कुणी तूप, कुणी बदाम. राणी घोट घेई, वाडगा परत देई आणि चालू लागे.

सातव्या महिन्यात खिडकीत साळुंकी येऊन बसली आणि बोलली, "तांदूळ भुरंडाच्या कोठारात, मडके जळत्या डोंगरावर, हात वाळवंटाच्या टोकाला."

"मी सैन्य धाडतो," राजा म्हणाला.

"महाराज, चालायचे मलाच आहे. मीच जाते."

कोठारात सोन्याच्या राशी होत्या. जो थबकून हात लावी, तो सोन्याचा पुतळा होई. राणीला थबकता येतच नव्हते. कोपऱ्यातला लाल उकडा तांदूळ तिने चालता चालता पदरात भरला.

जळत्या डोंगरावर जो क्षणभर उभा राही, त्याची राख होई. राणी चढली, माथ्यावरच्या भट्टीतले काळे मडके उचलले आणि उतरली. तळव्यांना फोड आले, एवढेच.

वाळवंटाच्या टोकाला एक झोपडी होती. तिथे आवडाबाई राहत असे. पन्नास वर्षांपूर्वी चाच्यांनी तिला समुद्राकाठाहून पळवून आणून इथे विकले होते. राणी झोपडीभोवती घिरट्या घालत म्हणाली, "बाई, पेज करशील?"

"विसरले मी. इतक्या वर्षांत मागितली कुणी?"

राणीने चार वेळा विनवले. म्हातारी हलेना. तेव्हा जीव टांगणीला लागलेल्या राणीने स्वतःच चूल पेटवली. एका फेरीत पाणी ओतले, दुसऱ्या फेरीत तांदूळ, तिसऱ्या फेरीत मिठाची चिमूट उचलली.

"अगं, थांब! मीठ आत्ताच?" आवडाबाई ताडकन उठली. "आधी दाणा फुलू दे. जाळ केवढा केलास! सरक बाजूला."

मग तिचे हात आपोआप चालू लागले.

पहिल्या घोटाला राणीचा डावा पाय थांबला, दुसऱ्याला उजवा. तिसऱ्या घोटाला ती मातीत मटकन बसली आणि हुंदके देऊन रडली. समोर आवडाबाई आपला वाडगा दोन्ही हातांत धरून बसली होती. तिच्याने पिववेना.

त्याच घटकेला भुरंडाची राख वाऱ्यावर उडाली आणि त्याची विद्या सरली. कोठारातले पुतळे माणसे होऊन घरोघरी परतले. घाट उघडला.

राणी आवडाबाईला घेऊन राजवाड्यात परतली. राजाने राणीसाठी पालखी आणली. "माहेरी जाऊन या," तो म्हणाला.

"मी पुढल्या खेपेला जाईन," राणी म्हणाली आणि आवडाबाईचा हात धरून तिला पालखीत बसवले. भोई घाट उतरू लागले. खालून खारा वारा आला, तशी म्हातारीने पडदा सारला आणि मान बाहेर काढली.