ओ येईपर्यंत

"ग्लेन, पॅडची वायर कुठे आहे?"

ग्लेनने ड्रमच्या मागून मान वर काढली. "लावलीय ना."

लावलेली नव्हती. मी खाली वाकून पाहिलं, सतरंजी उचलून पाहिली. नुसती निसटलेली असती तर काही वाटलं नसतं, पण वायर जागेवरच नव्हती. त्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर काठी मारली की आत भरलेला आवाज वाजतो, आणि आत काय भरलंय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

"मी काढली."

मी इतकी दचकले की हातातला माइक गच्च दाबला गेला आणि स्पीकर किंचाळला. त्या किंचाळीने आणखी दचकले.

विंगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत नेलीआंटी बसल्या होत्या. मांडीवर वायरीचं वेटोळं, मांजर घेऊन बसावं तसं.

नेली तुस्कानो! मराठीत रॉक गाणारी बाई. अनवाणी यायची, माइकसमोर नुसती उभी राहायची, आणि एक शब्द गायच्या आधी अख्खं मैदान उठून उभं राहायचं. आवाज म्हणजे कोरं मांजरपाट टर्रकन फाडावं तसा. पप्पांच्या कॅसेटवर तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पलंगाखाली लपले होते, आणि तिथूनच ओरडले होते, पुन्हा लावा.

आता त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं. बोलणंही खरखरत यायचं. आपली गाणी त्यांनी आजवर कुणालाच गाऊ दिली नव्हती. मला एक दिलं होतं. 'पाट'. आज, वसईत, त्यांच्याच वाडीच्या सणाला, त्यांच्याच लोकांसमोर. जमलं तर बाकीची सगळी गाणीही मी गायची.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं होतं.

"तर जेवून जा," त्या म्हणाल्या होत्या.

"यात काय भरलंयस गं?" आता त्यांनी विचारलं.

"आंटी, ते..."

"मी काठी मारून बघितली. हजार माणसं ओरडली. माझ्या हातातला चहा सांडला."

"ती ओ आहे, आंटी."

'पाट' ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. कडवं संपतं, ड्रम थांबतात, गाणारी हाक मारते, "आहे का कुणी...?" मैदानातून ओ येते, आणि मग सगळी वाद्यं एकदम कोसळतात. तेवढ्यासाठी लोक गावोगावहून यायचे.

"तुमच्याच कार्यक्रमातली ओ आहे," मी म्हणाले. "जुन्या कॅसेटवरून घेतली. समजा आज लोकांनी दिलीच नाही, तर ग्लेन पॅडवर..."

"ती माणसं मला ओ देत होती, बाय."

"पण आवाज तर तोच ना!"

"त्यातली अर्धी वर गेली. झोपू दे की त्यांना."

ग्लेन फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो झांजेचा स्क्रू आवळायला लागला.

"आंटी, मला सगळं पाठ आहे," मी म्हणाले. "तुमचा श्वास कुठे तुटतो, उजवा हात कधी वर जातो... एम.ए.चा प्रबंध लिहिलाय मी तुमच्या गाण्यांवर. पाठवला होता तुम्हाला."

"वाचला."

"कसा वाटला?"

"जाड आहे."

"...त्यात मी लिहिलंय, ती हाक म्हणजे आधुनिक माणसाच्या एकटेपणाचा उद्गार आहे."

"केळीची हाक आहे ती."

"कसली?"

त्यांनी वायरीचा एक वेढा सोडला, पुन्हा गुंडाळला.

"बाबांची केळीची बाग होती. विहिरीवर मशीनपाशी बाबा, पाटाच्या दुसऱ्या टोकाला आई. मधे नुसती केळी. माणूस दिसायचं नाही. बाबा हाक मारायचे, आहे का कुणी? आईने पाट मोकळा केला की ती ओ द्यायची. ओ आली की बाबा पाणी सोडायचे."

"आणि नाही आली तर?"

"थांबायचं."

"किती वेळ?"

"ओ येईपर्यंत."

बाहेर मांडव भरत चालला होता. खुर्च्या सरकत होत्या, तळलेल्या माशांचा वास थेट स्टेजवर येत होता.

"आंटी, एवढी माणसं बसलीत. इतक्या माणसांपुढे कसं थांबायचं?"

"एकदा बाबांना घाई होती," त्या म्हणाल्या. "स्वतःच ओ दिली."

"मग?"

"पाणी शेजारच्या लोपिसांच्या ओसरीत. त्यांच्या पोरीचा साखरपुडा होता."

माझं नाव पुकारलं गेलं. मी हात पुढे केला. त्यांनी वायर दिली नाही.

मी चपला काढल्या आणि गेले.

पहिलं कडवं! काय सांगू! ग्लेनचा ड्रम तळपायातून वर चढत होता, गिटार बरगड्यांत वाजत होती, आणि माझा आवाज फाटायला हवा तिथेच फाटत होता. पुढच्या रांगेतली म्हातारी पाय आपटत होती. मला वाटलं, जमलं. अगदी हुबेहूब जमलं.

ड्रम थांबले.

मी उजवा हात वर केला, त्या करायच्या तसाच, आणि हाक मारली, "आहे का कुणी...?"

...

कुणीच नाही. एक मूल खोकलं.

"नेलीला आणा!" मागून कुणीतरी ओरडलं. माणसं हसली.

ग्लेनची काठी पॅडवर पडली. टक्. कोरड्या लाकडासारखा आवाज आला.

मी विंगेकडे पाहिलं. नेलीआंटी माझ्याकडे बघतही नव्हत्या. मांडवाकडे कान करून बसल्या होत्या, मान थोडी तिरकी.

माझा हात अजून वरच होता. एकाएकी तो कुणा दुसऱ्याचाच वाटला. मी तो खाली घेतला. समोरच्या दिव्यांमुळे मला एकही चेहरा दिसत नव्हता. नुसता काळोख, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी माणसं.

आमच्या घरी लाइट गेली की मी जिन्यात उभी राहून आईला हाक मारते. लहानपणापासून. अजूनही. माझा तो आवाज फार बारीक आहे. तो कुणी ऐकू नये असं मला नेहमी वाटत आलंय.

तोच आला.

"आहे का कुणी...?"

तो स्पीकरमधून बाहेर पडला, मांडवावरून गेला, आणि मी थांबले.

...

गिटारवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही. अजून नाही.

...

हसू विरलं. खुर्च्यांची करकर थांबली. मग मला माणसं ऐकू यायला लागली. इतका वेळ ती तिथेच होती. कुणाचा तरी श्वास, कुणाच्या तरी बांगड्या.

...

आणि पार मागून, माशांच्या तव्यापाशी, एक बाई. तोंडात घास असावा.

"ओऽ!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ग्लेनच्या दोन्ही काठ्या हवेत होत्या.

विंगेतून खरखरीत आवाज आला.

"सोड पाणी."