कुलपाची चौकट

आमच्या गावचे नगराध्यक्ष विश्वासअण्णा ढेंगळे यांच्या गाडीला दोन वर्षं झाली, तरी सीटांवरची पारदर्शक पिशवी त्यांनी काढू दिली नव्हती. एक दिवस ते मोठी स्क्रीन घेऊन नजमा अत्तारच्या कार-डेकोरच्या दुकानात आले.

"ही डॅशबोर्डात बसव. पण माझ्या प्लास्टिकला साधा ओरखडा जरी आला, तर दुकानाला कुलूप ठोकीन!"

स्क्रीन खाचेपेक्षा चांगली दोन बोटं रुंद होती. खाचेभोवतीची प्लास्टिकची चौकट कापल्याशिवाय ती बसणं शक्यच नव्हतं.

नजमा म्हणाली, "चार दिवसांनी या, अण्णा."

चौथ्या दिवशी अण्णा कुलूप हातात घेऊनच आले. स्क्रीन चपखल बसली होती. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले, "चौकट कापलीस!"

"कापली. पण ती भंगारात निघालेल्या अशाच गाडीची. तुमची ही घ्या."

नजमानं मागच्या सीटवर काढून ठेवलेली अख्खी चौकट त्यांच्या हातात दिली. तीही पारदर्शक पिशवीत घातलेली.

अण्णांनी ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली. एकही ओरखडा सापडेना.

"आणि कुलूप आणलंच आहे," नजमा म्हणाली, "तर ही ज्या कपाटात ठेवाल, त्याला लावा."