दाराबाहेरचा हत्ती

चिपळूणच्या वाचनालयात दर रविवारी पटावर राक्षसांच्या लढाईचा खेळ चाले. खेळ चालवायचे खानोलकर. त्यांचा शब्द शेवटचा, आणि त्याचा त्यांना माजही तेवढाच. ज्याची सोंगटी मरेल त्याने खुर्ची कायमची सोडायची, हा कायदाही त्यांचाच.

त्या दिवशी मैथिली आणि तिची शेवंताकाकू एका बाजूने खेळत होत्या. गुहेच्या दाराशीच खानोलकरांनी काकूच्या सोंगटीबरोबरचा हत्ती अडवला. "हत्ती पटाची चार घरं व्यापतो, दार एका घराचं. बाहेर उभा करा. नियम म्हणजे नियम."

काकूने हत्ती दाराला लागून उभा केला आणि दोघींच्या सोंगट्या आत गेल्या. आत राक्षस निघाला, आतच जन्मलेला, हत्तीएवढाच चार घरांचा. दोन फटक्यांत मैथिलीची सोंगटी मरायला टेकली.

"उठायची तयारी कर, पोरी," खानोलकर हसले.

"बस गं तू, कुठे उठतेस," म्हणत काकूने दोघींच्या सोंगट्या दाराबाहेर हत्तीच्या मागे नेल्या.

"राक्षस मागे येणार."

"कसा येईल? चार घरांचा आहे ना तुमचा?"

खानोलकर पटावर वाकले. "मग दारातून हात बाहेर काढून मारेल. त्याचा हात लांब पोचतो."

"काढू द्या की. तो हात सोंडेत धरायला माझा हत्ती बाहेर उभा आहे. तुम्हीच उभा करवलात, भाऊ."

खानोलकरांनी दाराकडे पाहिलं, मग हत्तीकडे. काकूने फासे त्यांच्यापुढे सरकवले.

"टाका. नाहीतर खुर्ची सोडा."