हौसा आणि झऱ्यावरचा धोंडा

झऱ्यावरच्या धोंड्याला बायकांनी हात लावायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही. फुलवाडीतला हा नियम गावचे म्हातारे कारभारी नाना पारावर बसून, अडकित्त्यानं सुपारी कातरत सांगायचे. कट्! की बोलणं संपलं.

धोंडा बसलेल्या वासराएवढा होता. रोज सकाळी पाच गडी तो बाजूला करायचे, आपापल्या बागा भिजवायचे आणि दमले की झरा पुन्हा झाकायचे. हौसाचं घर अगदी टोकाला. तिची पाळी कधी यायचीच नाही. तिची आई नदीवरून घागरी आणायची. आणून आणून तिचा खांदा सुजला होता. दारातली अबोलीची सात इवली रोपं सुकत चालली होती. त्यांच्याच गजऱ्यांवर मायलेकींचं पोट होतं.

एका केशरी संध्याकाळी हौसा नदीवरून तांब्याभर पाणी आणत होती. वाटेत एक गुलबक्षी मान टाकून उभी दिसली.

“तुलाही तहान लागली का गं?” म्हणत हौसानं तांब्या तिच्या मुळाशी रिता केला.

टपोरी गुलाबी कळी उमलली. आतून बोटभर उंचीची परी बाहेर आली. तिचे पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ होते, आणि त्यांवर सोनेरी ठिपके लुकलुकत होते.

“तीन इच्छा माग,” परी म्हणाली. “पण जोर मागायचा नाही. नवं काही मागायचं नाही, घरात असेल तेच मागायचं. आणि जे कळेल ते लपवायचं नाही.”

“घरातलंच का?”

परीनं आनंदानं गिरकी घेतली. “या गावात ‘का’ विचारणारी तू पहिलीच! अगं, घरातल्या वस्तूंकडे कुणी नीट बघतच नाही, म्हणून. सांग बरं, नानांच्या तोंडात दात नाहीत, हातात जोर नाही. मग सुपारी कशी फुटते?”

हौसा विचारात पडली. सुपारी अडकित्त्याच्या खिळ्याजवळ असते. हात असतो दूर, दांड्याच्या टोकाला. तिचे डोळे चमकले.

“मला आमची पहार हवी! आणि वरवंटा! आणि... मुसळ!”

“दिलं!” परी खुदकन हसली, आणि घरातल्या त्या तीन जुन्या वस्तू चांदण्यासारख्या झळकल्या.

पहाटे हौसा झऱ्यावर गेली. पहारेचं टोक तिनं धोंड्याखाली सारलं. धोंड्याजवळच, पहारेखाली, वरवंटा ठेवला. मग पहारेच्या लांबच्या टोकावर ती ओणवी झाली. धोंडा हळूच उचलला गेला! तिनं पायानं मुसळ खाली सरकवलं, पहारेनं रेटा दिला, आणि धोंडा मुसळावरून गडगडत बाजूला झाला. निळंशार पाणी खळखळत सातही रोपांपर्यंत पोहोचलं.

उजाडल्यावर सगळं गाव जमलं.

“कुणी हलवला?” नाना गरजले.

“मी.”

“तू? चिमटीएवढी पोर! बाता मारतेस?”

हौसानं पुन्हा करून दाखवलं. गडी एकमेकांकडे बघू लागले. घागरी घेतलेल्या बायका पुढे सरकल्या.

नानांनी आवाज खाली आणला. “हे बघ पोरी, आजपासून पहिलं पाणी तुझ्या अबोलीला. फक्त हे कसं केलंस ते कुणाला सांगायचं नाही. आणि का ते विचारायचं नाही.”

“ऐक गं त्यांचं,” खांदा चोळत आई पुटपुटली.

हौसानं दूर आपल्या दारातल्या टवटवीत रोपांकडे पाहिलं. मग घागरी घेतलेल्या बायकांकडे पाहिलं. प्रत्येकीचा एक खांदा कललेला होता.

“नाही, नाना. मी सगळ्यांना सांगणार. यात लपवण्यासारखं आहे काय? तुमच्या हातातसुद्धा तेच तर आहे!”

वाटेवरची गुलबक्षी लखकन उजळली. गुलाबी, सोनेरी, मग पांढराशुभ्र झोत आभाळात चढला आणि विरून गेला. दारातल्या सातही रोपांवर अबोली फुलली. आईनं दुखरा खांदा हलवून पाहिला. तो दुखेना. मग तिनंच पुढे होऊन पहारेला हात घातला.

नानांनी हातातल्या अडकित्त्याकडे पाहिलं. सुपारी आत तशीच होती. या वेळी कट् झालंच नाही.