गैबीच्या पायरीवरचा डास

“पण मग ते हात माझे होते, हे लोकांना कळणार कसं, बाबा?”

नीलकंठनं हे तिसऱ्यांदा विचारलं. बुढणबाबा परातीत मलिदा कुस्करत बसले होते. गव्हाची पोळी, गूळ, वर चमचाभर तूप. गुरुवार होता. थोड्या वेळात माणसं यायला लागणार होती, आणि मलिद्यात एक गुठळी राहिलेली बाबांना खपत नसे.

“कळून काय हुतंय?” बाबा म्हणाले.

“काय हुतंय म्हणजे? माझं नाव होतंय.”

“बरं…” बाबांनी आणखी एक पोळी ओढली.

गैबीचं ठाणं गावाच्या बाहेर, बाभळीच्या रानात होतं. एका बुटक्या खोलीत कबर, तिच्यावर हिरवी चादर, दारापुढं दगडाची लांब पायरी. कबरीत कोण निजलंय ते कुणालाच माहीत नव्हतं. नाव नाही, गाव नाही, जात नाही. म्हणून गैबी. कुणी तिथं नारळ फोडायचं, कुणी चादर चढवायचं, आणि मलिद्याला सगळेच हात पुढं करायचे.

बुढणबाबा तिथले फकीर. सत्तरी ओलांडलेली, पण झाडलोट अजून स्वतःच करायचे. आईचं बोट धरून येत होता तेव्हापासून नीलकंठ दहिफळे त्यांना गुरू मानत आला होता. मला जे येतं ते बाबांनी शिकवलं, असं तो म्हणायचा. मी ह्याला कधी काही शिकवलं नाही, असं बाबा म्हणायचे. दोघंही खरं बोलत होते.

आता भानगड काय झाली होती ते सांगायला हवं.

आठ महिन्यांपूर्वी नीलकंठनं मोबाइल बाभळीला टेकवून काढलेला एक व्हिडिओ इंटरनेटवर टाकला होता. चौदा सेकंदांचा. त्यात तोंड दिसत नव्हतं. दिसत होती ती गैबीची पायरी, पडलेल्या चपला, एका माणसाची पाठ, डावा कान आणि दोन हात. हातांनी एक झिजलेला जोड उचलला, दगडावर दोनदा आपटला आणि पुढची टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवला. म्हणजे दर्शन घेऊन उतरणाऱ्याला वाकायला नको, शोधायला नको, पाय टाकला की चालता झाला. बस, एवढंच.

खात्याला नावही दिलं होतं ते ‘करंगळीशेजारी’. करंगळीशेजारचं बोट म्हणजे अनामिका, जिला नाव नाही ती. हे सुचलं तेव्हा तीन दिवस तो स्वतःवरच खूश होता.

आणि मग तो व्हिडिओ जो सुटला तो सुटलाच.

आधी कॉलेजच्या पोरांनी केलं, ते हसण्यावारी. मग दाताच्या दवाखान्याबाहेर कुणीतरी केलं. अंगणवाडीत केलं, ब्युटी पार्लरच्या दारात केलं. सांत्वनाला गेलेली माणसं निघताना बघायची तर चपला ओळीनं वळवलेल्या. शेजारच्या गावात बांधावरून बोलणं तोडलेले दोन भाऊ बापाच्या दहाव्याला एकत्र आले, आणि थोरल्यानं धाकट्याची चप्पल कोण बघतंय का ते पाहून हळूच वळवून ठेवली. बोलणं अजून सुरू झालेलं नाही. पण चप्पल वळली. ह्या सगळ्यामागं कोण आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी जो तो करत होता. खरं सांगायचं तर ऐकणाऱ्याचा ऊर भरून यावा असंच ते होतं.

फक्त कानाचा घोटाळा झाला होता.

व्हिडिओत जोड वळवण्याआधी ते करंगळीशेजारचं बोट एकदा डाव्या कानाला लागतं. तेवढं क्षणभरच. पण लोकांनी तेही उचललं. चप्पल वळवायची म्हणजे आधी डाव्या कानाला बोट लावायचं, हा नियमच झाला. एका शाळेत बाईंनी मुलांना समजावलं की कानाला हात म्हणजे चुकलेलं कबूल करणं. एका विद्वानानं डाव्या कानाच्या नसेवर लांबलचक लेख लिहिला. आणि एका लग्नात मुलीकडच्यांनी कानाला बोट न लावता व्याह्यांच्या चपला वळवल्या, तर व्याही फुगून बसले. मान दिला, पण अर्धवट दिला म्हणे.

इथवर नीलकंठनं गंमत म्हणून घेतलं. पण मागच्या आठवड्यात शहरातला एक गृहस्थ, कपाळावर गॉगल चढवलेला, कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणाला, “तो मीच.” त्याला लगेच शाल मिळाली, नारळ मिळाला, दोन सत्कार झाले. नीलकंठला अन्न गोड लागेना. त्यानं खात्यावर जाहीर करून टाकलं, की शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता खरा माणूस आपलं तोंड दाखवणार.

पण तोंड दाखवून विश्वास कोण ठेवणार? खातं ह्याचं असलं तरी हात ह्याचेच कशावरून? व्हिडिओ काढला त्या दिवशी समोर एकच माणूस बसलेला होता. बुढणबाबा.

म्हणून आज तो एवढ्या घाईनं आला होता, की जिल्हाभर दुसऱ्यांच्या चपला सरळ करणाऱ्या ह्या माणसाची स्वतःची एक चप्पल पायरीवर उलटी पडली होती आणि दुसरी तिच्यापासून हातभर लांब.

“उद्या तुम्ही फक्त एक वाक्य बोला, बाबा. मी बघितलं, हा नीलकंठच होता. बास.”

“बोलंन की. खरंच हाय ते.”

नीलकंठचा जीव भांड्यात पडला.

“पन ते कानाचं काय रं?” बाबांनी विचारलं. “हितं बी लावत्यात लोक कानाला बोट. मला वाटलं, कुठली तरी जुनी रीत आसंल, आपल्याच ध्यानातनं गेली आसंल.”

“डास होता, बाबा.”

परातीतला हात थांबला.

“डास?”

“डास चावला म्हणून खाजवलं. आता हे कुणाला सांगायचं? चांगलं तेवढं घ्यावं ना माणसानं. ह्यांनी डासासकट नेलं. नुसती मेंढरं आहेत, बाबा. एकानं खाली मान घातली की सगळ्यांनी घालायची.”

बाबा हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. डोळ्यांना पाणी आलं तसे ते उठले.

“हात धिवून येतो,” म्हणाले, आणि गुळानं बरबटलेले हात पुढं धरून पायरीकडं गेले.

त्यांना यायला जरा वेळच लागला. नीलकंठला त्याचं काही वाटलं नाही. तो फोनमध्ये उद्याच्या चौकशा वाचत होता. किती वाजता, कुठं, खरंच का. तीन हजार जणांनी विचारलं होतं. वाचताना बरं वाटत होतं.

बाबा आले. हातांवरून पाणी निथळत होतं. डाव्या कानाला मलिद्याचा एक कण चिकटला होता. म्हातारा माणूस, लागला असेल कुठं, म्हणून नीलकंठ काही बोलला नाही.

“दाखीव बरं मला ते एकदा.”

नीलकंठनं फोन पुढं धरला. बाबांनी चौदा सेकंद डोळे बारीक करून पाहिलं.

“हे दोनदा आपटलंस, ते कशापायी?”

“वळवायच्या आधी आपटतातच.”

“कोन आपटतं?”

नीलकंठनं व्हिडिओ पुन्हा लावला.

लहानपणचा गुरुवार त्याला आठवला. आई कबरीपाशी डोळे मिटून उभी, आणि आपण पायरीवर बसून बघतोय. एक माणूस पाठमोरा बसून लोकांच्या चपला उचलतोय. ठक, ठक. ठेवतोय. पुन्हा ठक, ठक. आठ महिन्यांत ही गोष्ट त्याच्या एकदाही मनात आली नव्हती.

“तुम्ही,” तो म्हणाला.

“व्हय. मी आपटतो.”

“धूळ झटकायला?”

“न्हाई. माजे मुर्शद आपटायचे.” मुर्शद म्हणजे बाबांचे गुरू. “एकदा एका बाईच्या वहाणंतनं इंचू निगाला. तवापास्नं ते आधी आपटून बगायचे. चाळीस वर्सं आपटलं. परत काय इंचू निगाला न्हाई.”

“मग तुम्ही कशाला आपटता?”

“त्येंचं बगून.”

नीलकंठनं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, “आणि चपला वळवायच्या, हे त्यांना कुणी शिकवलं?”

बाबांनी हनुवटीनं कबरीकडं दाखवलं. “म्हनायचे, आदीपास्नं हाय.”

“त्यांचं नाव काय होतं? तुमच्या मुर्शदांचं?”

बाबा आठवायला लागले. बराच वेळ लागला.

“मुर्शदच म्हनायचो,” ते शेवटी म्हणाले. “नाव इचारायचं राहूनच गेलं बग.”

बाहेर माणसांची चाहूल लागली होती.

बाबांनी परात त्याच्याकडं सरकवली आणि हळूच म्हणाले, “लोकांनी तुजा डास नेला म्हनतोस. तू आमचा इंचू नेलास की.”

नीलकंठचे कान तापले. आत्ताच आपण कुणाला मेंढरं म्हणालो ते त्याला आठवलं, आणि त्याला मनापासून लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून हट्ट सुटतो असं थोडंच आहे.

“तरी व्हिडिओ माझाच आहे,” तो म्हणाला. “उद्या याल ना?”

“बोलीव, येतो. आदी येवढा मलिदा वाटून ये. मानसं खोळंबल्यात.”

परात घेऊन तो पायरीवर आला. दहा-बारा माणसं आली होती. कडेला एक म्हातारी पायरीवरच फतकल मारून बसली होती. सुंद्राबाई तिचं नाव, कंबरेत पार वाकलेली. उभ्यानं वाकणं जमेना, म्हणून ती बसल्या बसल्या सरकत लोकांच्या चपला वळवत होती. प्रत्येक जोडाआधी थरथरतं बोट डाव्या कानाला. मग दगडावर ठक, ठक. मग टोकं बाहेर.

नीलकंठ तिच्या हातावर मलिदा ठेवत म्हणाला, “मावशी, कानाला कशाला बोट लावता?”

“आसं आसतंय ते.”

“कुणी सांगितलं?”

“आता ह्यात सांगायचं काय?” सुंद्राबाईनं मलिदा तोंडात टाकला. “मला फोन बी न्हाई. लोकांचं बगून करते. दवाखान्यात गेले, भाईर आले, तर माजी वहाण कुनीतरी वळवून ठिवल्याली. देवळात गेले, तिथं बी तसंच. आदी उतरल्यावर वहाणा धुंडत बसावं लागायचं. कंबर आशी. पोटच्या पोरांला कदी सुचलं न्हाई, ते परक्यांला सुचलं.”

“हे कुणी सुरू केलं माहीत आहे का तुम्हाला?”

“न्हाई बाबा.”

“कळलं तर?”

म्हातारीनं पुढचा जोड ओढला. कानाला बोट लावलं.

“कशाला कळाया पायजे? कोन हाय ठावं न्हाई, म्हनून रोज सगळ्यांलाच दुवा देते. कळलं तर त्या येकट्यालाच द्यावा लागंल.”

नीलकंठच्या मनात आलं, रोज सकाळ-संध्याकाळ ही बाई कुणाकुणाला दुवा देत असेल? दवाखान्यातल्या कंपाउंडरला, त्या दोन भावांतल्या थोरल्याला, गॉगलवाल्यालासुद्धा. आणि उद्या सहा वाजता आपण तो सगळा दुवा एकट्याच्या घरी उचलून नेणार होतो.

त्यानं परात खाली ठेवली, फोन काढला आणि शुक्रवारचं ते जाहीर केलेलं पुसून टाकलं. पुसायला चौदा सेकंदसुद्धा लागले नाहीत. मग तो सुंद्राबाईच्या शेजारी बसला आणि उरलेल्या चपला वळवायला लागला. आधी कान, मग ठक, ठक. पहिल्यांदा बोट कानाला नेताना त्याला संकोच वाटला. तिसऱ्या जोडाला संकोच गेला.

माणसं पांगली. ऊन कललं. बाबा दारात येऊन उभे राहिले. नीलकंठ परतीला निघाला आणि आपल्या चपला शोधायला वाकला.

वाकायची गरज नव्हती.

उलटी पडलेली सुलटी झाली होती, लांब उडालेली जवळ आली होती. टोकं बाहेरच्या बाजूला.

“तुम्ही ठेवल्यात, मावशी?”

“न्हाई. मी आले तवाच तशा हुत्या.”

त्यानं पाय सरकवला. अंगठ्याला काहीतरी चिकट लागलं. बोटानं पाहिलं, तर गूळ.

त्यानं हळूच वळून वर पाहिलं. बाबा दारातच होते. डाव्या कानाला मलिद्याचा तो कण अजून तसाच होता.

“बाबा…”

बाबांनी बाभळीच्या रानाकडं पाहिलं.

“औंदा डास लई झाल्यात, निळू.”