मथुरा तांडेलीण आणि पाकोळ्यांची घळ

किनाऱ्यावर दीपगृह उभं राहिलं नव्हतं, शिडाची गलबतं वाऱ्याच्या मर्जीनं ये-जा करत, त्या काळी धोंडवेळ गावात मथुरा नावाची तांडेलीण होती. होडीचं सुकाणू बाईच्या हाती नसायचंच. पण मथुरेचा बाप तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता, आणि गावासमोरच्या खडकाळ बेटाकडे जाणारी चिंचोळी वाट त्यानं मरण्याआधी हिलाच दाखवली. पाण्याखालचा एकेक सुळका ती तळपायानं ओळखायची, असं म्हणतात.

त्या बेटावर एक घळ होती. घळीत हजारो पाकोळ्या, चिमुकली काळी पाखरं, राहायच्या. पाकोळी काडी आणत नाही, गवत आणत नाही. आपल्याच लाळेचं पांढरं घरटं कातळाला चिकटवते. दूर देशी त्या घरट्याचं औषध करतात, ही बातमी घेऊन एका फाल्गुनात परमुलखातलं एक गलबत आलं.

गलबतवाल्यानं गावाला कापड वाटलं, तांदूळ वाटला. गावाला वाटलं, पाखरांची घरटी ती काय! मथुरेनं वाट दाखवली. तिचा धाकटा भाऊ गुणाजी लोखंडी खरवडणी घेऊन गलबतावरच्या माणसांबरोबर घळीत शिरला. मथुरा बाहेर होडीत बसून राहिली. आतून खरवडण्याचा आवाज येत होता. मग घळीच्या तोंडातून काहीतरी टपटप पाण्यात पडू लागलं. ती वाकून बघते तर पिल्लं. डोळे न उघडलेली, पंख न फुटलेली. एक तिच्या ओटीत पडलं आणि तिच्या हाताच्या उबेत थोडा वेळ जगलं.



पावसाळ्यानंतर गावावर पाकोळ्या फिरकल्याच नाहीत. संध्याकाळी आभाळात डासांचे खांब उभे राहू लागले. ताप आला. घरागणिक एक माणूस अंथरुणाला लागलं, तिघं गेली. म्हातारी माणसं म्हणाली, पाखरं हे सगळं आभाळातल्या आभाळात खात होती, आपल्याला कळलं नाही.

मथुरा दारोदार फिरली. प्रत्येक उंबऱ्याशी एकच बोलली, "वाट मियाच दाखयलंय. आता मियाच अडयतलंय. पण एकटी कितीशी पुरतलंय?"

बायकांनी ऐकून घेतलं. पुरुष माना खाली घालून जाळी विणत राहिले. गुणाजी मात्र उसळला. गलबतवाल्यानं त्याला आपल्या गलबतावर सुकाणू द्यायचं कबूल केलं होतं. "पाखरांसाठी माझा नशीब बुडवतलंस?" म्हणून तो घरातून निघून गेला.

पुढच्या फाल्गुनात पाकोळ्या थोड्या का होईना, परत आल्या. घरटी बांधली. आणि मागोमाग गलबतही आलं. या वेळी कापड नव्हतं, तोड्याच्या बंदुका होत्या, पेटत्या वातीनं उडणाऱ्या.

भर दुपारी गलबतावरची मोठी होडी बेटाकडे निघाली. पुढं गुणाजी बसला होता, वाट दाखवायला; मागं गलबतवाला आणि त्याची माणसं. वाट त्याला अर्धीच ठाऊक होती. मथुरेनं किनाऱ्यावरून ते पाहिलं आणि आपली छोटी होडी पाण्यात लोटली. वाटेच्या तोंडाशी, जिथं दोन सुळक्यांमधून एकच होडी जाऊ शकते, तिथं तिनं ती आडवी घातली.

"मथुरे, बाजूक हो!" गुणाजी ओरडला. "हे खरेच मारतले!"

"मारूंदेत. पण तू फुडे येव नको. ओहोटी लागली हा, खडक वर इलो."

गलबतवाल्यानं बंदूक उचलली. तोडा धुमसत होता. मथुरेनं वल्हं सुळक्याला रेटून धरलं, होडी हलली नाही. मागं पाहायचं तिला धाडस होईना. मागं कुणीच नसलं तर?

तेवढ्यात तिच्या होडीला दुसऱ्या होडीचा काठ लागला. मग तिसरीचा. शेजारची सुभद्रा, तापात मुलगी गेलेला भिकू, जाळी विणत बसलेले ते सगळे. अख्खा गाव पाण्यावर उतरला होता. कुणाच्या हातात हत्यार नव्हतं. होडीला होडी बांधून त्यांनी वाट बुजवली.

गलबतवाल्यानं नेम धरला. आणि त्या क्षणी, असं म्हणतात, घळीतून पाकोळ्या सुटल्या. इतक्या की सूर्य झाकला. होत्या थोड्या, पण लाखांनी निघाल्या. त्यांच्या पंखांच्या वाऱ्यानं बंदुकीचा तोडा विझला. वल्हेकऱ्यांना समोरचं दिसेना. त्यांची होडी भरकटली, सुळक्यावर आपटली आणि फुटली.

मथुरेनं पाण्यात उडी घेतली. आधी गुणाजीला ओढून काढलं. मग गलबतवाल्यालाही. तो पाणी ओकत तिच्या होडीत पडून राहिला. ती एवढंच म्हणाली, "ही वाट इसर."

गलबत त्याच वाऱ्यानं गेलं. पुन्हा आलं नाही. गुणाजीनं खरवडणी समुद्रात टाकली आणि पुढची कितीतरी वर्षं तो बहिणीबरोबर घळीच्या तोंडाशी राखणीला बसला.

मथुरा म्हातारी होऊन कधी गेली, कुणी सांगत नाही. तिला जाताना कुणी पाहिलंच नाही, असं म्हणतात.

धोंडवेळात आजही फाल्गुनापासून वैशाखापर्यंत घळीच्या तोंडाशी एक होडी उभी असते. रोज एका घराची पाळी. ज्या घराला कुलूप आहे, त्याची पाळी शेजारी भरतो. अनोळखी लाँच दिसली तर शंख फुंकतात आणि वनखात्याचा माणूस पोचेपर्यंत सगळ्या होड्या निघतात. सूर्य कलला की पुढच्या पाळीचं माणूस किनाऱ्यावर येऊन हाक मारतं, "होडयेत कोण आसा?"

आत बाई असो, बाप्या असो, कालची आलेली सून असो, आपलं नाव कुणी सांगत नाही. पाण्यावरून उत्तर येतं, "मथुरा आसा."